सैन्य मागायचं की सारथी?



आजचा वाचनभाग : महाभारतातल्या उद्योगपर्वाची सुरुवात (द्वारकेतली भेट आणि शल्याची गोष्ट) आणि गीतेच्या पहिल्या अध्यायाचे पहिले अकरा श्लोक.

आजचा शब्द : सहाय.

आजचं चिंतन रोजच्यापेक्षा लांबलंय. कारण वाचता वाचता मधे माझं गाव आलं, आणि गावाबरोबर माझीच एक गोष्ट आली, जी सांगायला मला फारसं आवडत नाहीये. सकाळच्या लोकलमध्ये किंवा मेट्रोत वाचणाऱ्यांनी दोन टप्प्यांत वाचलं तरी चालेल.

युद्धाआधीची धावपळ

महाभारताचं युद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे थेट कुरुक्षेत्र येतं. शंख, रथ, धनुष्य. पण व्यासांनी युद्धाआधी एक अख्खं पर्व खर्च केलंय ते माणसं जोडण्यावर आणि समेटाच्या बोलण्यांवर. वनवास आणि अज्ञातवास संपलाय, राज्य परत मिळेल असं दिसत नाही, आणि दोन्ही बाजूंचे दूत राजाराजाकडे धावतायत. शेवटी हिशोब लागतो तो असा : पांडवांकडे ७ अक्षौहिणी, कौरवांकडे ११.

ह्याच धावपळीत दुर्योधन आणि अर्जुन एकाच दिवशी द्वारकेला पोचतात. कृष्ण झोपलेला असतो. दुर्योधन आधी येतो आणि उशाशी, चांगल्या आसनावर बसतो. अर्जुन मागून येतो आणि पायाशी हात जोडून उभा राहतो. डोळे उघडल्यावर कृष्णाला आधी अर्जुन दिसतो. मग तो दोघांपुढे दोन गोष्टी ठेवतो. एकीकडे त्याची अफाट नारायणी सेना. दुसरीकडे तो स्वतः, एकटा, आणि शस्त्र न उचलणारा. निवड आधी अर्जुनाची. अर्जुन कृष्णाला मागतो. दुर्योधन मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकतो आणि सेना घेऊन खुशीत परत जातो.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलीय आणि दर वेळी आपण दुर्योधनाला हसतो. पण ह्या वेळी वाचताना मी प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं की मी काय मागितलं असतं? समोर लढाई आहे, पलीकडे ११ अक्षौहिणी उभ्या राहणार आहेत, आणि हा माणूस आधीच सांगतोय की मी लढणार नाही. व्यवहार बघितला तर दुर्योधनाने चूक काय केली? मी बहुतेक सेनाच मागितली असती. पावती पण मागितली असती.

आता गीतेचा पहिला अध्याय उघडा. दुर्योधन द्रोणाचार्यांकडे जातो आणि काय करतो? मोजतो. त्यांच्याकडे हा आहे, तो आहे. आपल्याकडे हे आहेत, ते आहेत. आणि पुढे म्हणतो, असे आणखी कितीतरी शूर आहेत जे माझ्यासाठी जिवावर उदार झालेत. ह्या वाक्यात 'माझ्यासाठी' हा शब्द आहे. कुठल्या कारणासाठी, कुठल्या न्यायासाठी, हे त्याच्या यादीत कुठेच नाही. आणि एवढी मोठी यादी वाचूनही माणूस निवांत झालेला दिसत नाही. लगेच सगळ्यांना सांगतो की भीष्मांना सांभाळा.

अर्जुन त्याच मैदानावर आहे. तो यादी करत नाही. तो शेजारी बसलेल्याला सांगतो, रथ मधे घेऊन चल, मला बघायचंय. आणि बघितल्यावर तो ढासळतो, रडतो, धनुष्य खाली ठेवतो. त्याला तसं ढासळता आलं, कारण शेजारी कृष्ण होता. दुर्योधनाच्या ११ अक्षौहिणींमध्ये असा एकही माणूस नव्हता, ज्याच्यापुढे त्याला रडता आलं असतं.

शब्द काय सांगतात

मदतीला येणाऱ्यासाठी संस्कृतात शब्द आहे 'सहाय'. त्याची फोड 'सह' आणि 'अय' अशी करतात, म्हणजे बरोबर जाणारा. आपला 'साहाय्य' त्याच घरातला. गंमत बघा, मूळ शब्दात देण्याघेण्याचं काहीच नाही, फक्त बरोबर चालणं आहे.

'संधी' हा शब्द तर आपण रोज वापरतो. मराठीत संधी म्हणजे मोका. व्याकरणात संधी म्हणजे दोन अक्षरांचं एकमेकांत मिसळणं. आणि राजनीतीत संधी म्हणजे तह. कौटिल्याने परराष्ट्रधोरणाचे जे सहा मार्ग सांगितलेत त्यातला पहिला संधी. राज्याची जी सात अंगं त्याने मोजली त्यात राजा, मंत्री, मुलूख, किल्ला, खजिना, सैन्य आणि सगळ्यात शेवटी 'मित्र'. म्हणजे मित्र हासुद्धा राज्याचा अवयव. पण त्याच कौटिल्याच्या गणितात शेजारी हा बहुधा शत्रू आणि शेजाऱ्याचा शेजारी हा मित्र. तिथे मित्र म्हणजे कोण कुठे राहतो त्याचा हिशोब.

'तह' हा आपला इतिहासातला शब्द. १६६५ साली पुरंदरला जयसिंगाशी तह झाला, २३ किल्ले गेले आणि १२ राहिले. माझ्या भागातला रोहिडा गेला, राजगड आणि तोरणा राहिले. त्याच वर्षाच्या शेवटी महाराज मोगलांबरोबर विजापूरवर चालून गेले. कागदावर बघितलं तर ते तेव्हा मोगलांचे सोबती होते. पण कोणी त्याला मैत्री म्हणेल का? पुढच्याच वर्षी आग्रा घडलं. जगातही हेच दिसतं. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यांना आपण 'दोस्त राष्ट्रे' म्हणतो, त्यातल्या रशियाने १९३९ मध्ये जर्मनीशीच करार केला होता. दोन वर्षांत जर्मनीने रशियावर हल्ला केला आणि रशिया 'दोस्तां'त आला. युती, आघाडी हे शब्द तर आपण बातम्यांत इतके ऐकलेत की त्यांच्याकडे बघून आता हसूच येतं.

तरी ह्या शब्दांना नावं ठेवायला नकोत. तह करावा लागतो. घरात करावा लागतो, ऑफिसात करावा लागतो. प्रश्न एवढाच की तहाला आपण सख्य समजून बसतो का? आणि उलट, जे सख्य आहे त्याला तहासारखं वागवतो का?

आमच्या खोऱ्यातली गोष्ट

माझं गाव वेल्हे तालुक्यात. ज्यांनी तो भाग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून सातारा रस्त्याने निघायचं, चेलाडी फाट्याला आत वळायचं, नसरापूर मागे टाकायचं, की पुढे तोरणा दिसायला लागतो. तालुक्याचं नाव आता सरकारी कागदावर राजगड झालंय, पण आईच्या तोंडी वेल्हंच आहे. शेजारचा तालुका भोर. जुन्या भाषेत हे सगळं मावळ. गुंजण मावळ, कानद खोरं, हिरडस मावळ, रोहिडखोरं. प्रत्येक खोऱ्याचा एक देशमुख, प्रत्येकाचं वतन, आणि शेजारच्या देशमुखाशी पिढीजात भांडण. कौटिल्याचा नियम आमच्याकडे अगदी बरोबर लागू पडायचा.

१६५९ साल. अफझलखान विजापुराहून निघालाय आणि वाईपर्यंत येऊन बसणार आहे. आदिलशाहाची फर्मानं मावळातल्या देशमुखांना सुटतात : खानाला येऊन मिळा. रोहिडखोऱ्यात दोन मोठी घराणी, कारीचे जेधे आणि उत्रौलीचे खोपडे. दोन्ही गावं आजच्या भोर तालुक्यात. एकाच खोऱ्याचं पाणी पिणारी. फर्मान जसं इतर देशमुखांना गेलं तसं कान्होजी जेध्यांनाही आलं.

खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. आपण शाळेत त्यांना एका शब्दात निकालात काढलं. पण जरा थांबून त्यांच्या जागेवर उभे राहा. वतन आदिलशाहीचं. धनी आदिलशहा. येणारा सरदार जबरदस्त, फौज प्रचंड. समोर एक तिशीच्या आतला तरुण, ज्याचं राज्य ह्या डोंगरांएवढंच. वतन टिकवायचं तर कुठे जायचं? त्यांनी मोजलं, आणि मोजून ते ११ अक्षौहिणींकडे गेले. असा हिशोब करणारे ते एकटे नव्हते.

कान्होजी फर्मान आणि पाच मुलगे घेऊन राजगडावर गेले. जेधे घराण्याच्या करीन्यात हा प्रसंग आहे. शिवाजी महाराजांनी त्यांना स्पष्ट विचारलं की तुमच्या शेजारचे गेले, तुम्ही का गेला नाहीत? फर्मान मोडाल तर वतन जाईल, जिवावर बेतेल. कान्होजींनी शहाजीराजांना आधी दिलेल्या शब्दाची आठवण काढली आणि वतनावर पाणी सोडलं. 'पाणी सोडलं' हा आपल्याकडे आज नुसता वाक्प्रचार आहे. तिथे खरोखर हातावर पाणी घेऊन सोडलं होतं. मगच महाराजांनी त्यांना पुढचं सांगितलं, की घरची माणसं आधी तळेगावाला सुखरूप हलवा.

ह्यात मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की महाराजांनी आलेल्या माणसाला लगेच मिठी मारली नाही. तुझं काय जाणार आहे हे आधी त्याच्यापुढे उघडं करून ठेवलं. दुर्योधन कधी असं करत नाही. तो माणसं मिळवताना किंमत लपवतो. दुसरी ही की कान्होजींनी सोबत यायची किंमत स्वतः आधी मोजली, आणि ती दिल्यावर मगच ते सोबती झाले. पुढे त्यांनीच इतर देशमुखांना जमवलं. गुंजण मावळातले हैबतराव शिळीमकर, बांदल आणि आणखी कितीजण.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. खंडोजी खोपडे परत फिरले आणि त्यांच्यासाठी रदबदली करायला उभे राहिले ते कान्होजी जेधेच. ज्याच्याशी पिढ्यांचं वैर, जो ऐन वेळी दुसरीकडे गेला, त्याच्यासाठी. महाराजांनी कान्होजींच्या शब्दाखातर जीव राखला, पण खंडोजींचा एक हात आणि एक पाय तोडला. वाचताना अंगावर काटा येतो. कान्होजींनाही ते लागलं असणार. सोबतीत हेही येतं. तुम्ही मागाल ते सगळं मिळत नाही, आणि तरी तुम्ही बाजू सोडत नाही.

बांदलांचं तर आणखी वेगळं. हिरडस मावळचे हे देशमुख आधी महाराजांचे विरोधक. त्यांच्याशी लढाई झाली, मग ते जोडले गेले. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाला जाताना घोडखिंड ज्यांनी रोखली ते बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचीच माणसं. त्यानंतर दरबारातल्या तलवारीच्या पहिल्या पानाचा मान बांदलांना द्यायचं ठरलं. तो मान तोवर जेध्यांचा होता. आमच्याकडे परंपरा सांगते की कान्होजींनी तो आनंदाने सोडला. आधी वतन सोडलं, मग मान सोडला. मला विचाराल तर दुसरं जास्त कठीण. वतन संकटात सोडलं जातं, मान सुखाच्या दिवसांत सोडावा लागतो.

कान्होजींची समाधी आंबवड्याला आहे, भोरपासून जवळच. झुलता पूल बघायला आणि रील काढायला आपण सगळेच तिथे जातो. पुढच्या वेळी दोन मिनिटं समाधीपाशी थांबा.

शल्य, आणि मी

आता ज्या भागाने मला ह्या आठवड्यात झोपू दिलं नाही तो.

शल्य हा मद्र देशाचा राजा. माद्रीचा भाऊ, म्हणजे नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. तो मोठी फौज घेऊन निघाला तो पांडवांकडेच. वाटेत जागोजागी त्याच्यासाठी सुंदर मंडप, जेवणं, गाणं-बजावणं. त्याला वाटलं, भाच्यांनी केलंय. तो इतका खूश झाला की म्हणाला, हे ज्याने केलं त्याला बोलवा, मी त्याला हवं ते देतो. तेव्हा आडून दुर्योधन पुढे आला. मागितलं काय? माझ्या बाजूने लढा. शल्याने शब्द दिला होता. भाच्यांचा मामा भाच्यांच्या विरुद्ध उभा राहिला. कट्यारीने नाही, जेवणाने.

आता माझं. बाबा गेले तेव्हा दहाव्याच्या दिवशी मी माझ्या थोरल्या चुलतभावाला, दादाला, म्हणालो होतो, "दादा, रानाचं तू बघ. मी तुझ्याबरोबर आहे." आमची भाताची खाचरं उताराला एकाखाली एक आहेत. तोंडी वाटपात वरची तीन आमच्याकडे, खालची चार दादाकडे. वरच्या खाचरातलं पाणी बांधावरून खाली उतरतं, त्यावर खालचं भात येतं. वरच्या खाचराला डांबरी रस्ता लागून आहे. हे कळल्यावर पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

दिवाळीनंतर एक प्लॉटिंगवाले गृहस्थ मला पुण्यात भेटले. हायवेवरच्या चांगल्या हॉटेलात जेवायला नेलं. 'साहेब' म्हणाले. माझ्या कामाचं कौतुक केलं. मला फ्लॅटसाठी किती कमी पडतायत हे त्यांना कुठून तरी माहीत होतं. दुसऱ्या जेवणाला बायकोलाही बोलावलं, मुलीला खेळणं दिलं. तिसऱ्या जेवणाला मी म्हणालो, "माझ्याकडून होकार समजा." कागद नव्हता, टोकन नव्हतं. शब्द होता. वरती मुरूम पडला की दादाची चार खाचरं कोरडी पडणार, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी उताराच्या गावात वाढलोय.

मग गावात ओसरीवर बैठक झाली. विषय निघाला. चार लोकांसमोर दादा म्हणाला, "धाकट्याचं काय विचारता? तो माझ्याकडनं आहे." आणि मी मोबाईलमध्ये बघत राहिलो. ना हो म्हणालो, ना नाही. दादाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहा आणायला आत गेला.

ही सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. परवाच्या सोमवारी रोजचं वाचन करताना शल्याचा भाग आला आणि मी पुस्तक मिटलं. मंडप दिसला, जेवण दिसलं, 'हवं ते देतो' दिसलं.

दोन दिवस मी स्वतःशी वाद घातला. शब्द दिलाय, तो मोडायचा कसा? शल्याने तर शब्द पाळला. मग कान्होजी आठवले. त्यांच्याकडेही दोन बाजूंनी हक्क होता. आदिलशहा त्यांचा धनी होता, फर्मान खरं होतं. त्यांनी विचारलं ते एवढंच की आधी शब्द कोणाला दिलाय? माझाही आधीचा शब्द होता. दहाव्याच्या दिवशी, नदीकाठी, मुंडण केलेल्या डोक्याने दिलेला.

बुधवारी मी फोन केला. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही शब्द दिला होता." मी म्हणालो, "हो, दिला होता. चुकलो. मोडतोय." त्यांना ह्यात काही नुकसान झालं असेल तर ते माझ्यामुळे, हेही मी बोललो. मला ह्यात मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. लाज वाटली. फ्लॅटचं ह्या वर्षी काही होणार नाही. बायको दोन दिवस नीट बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. होकार देताना मी दादाला विचारलं नव्हतं, आणि मोडताना तिला विचारलं नाही. एक बाजू सांभाळताना दुसरी गृहीत धरली. हे अजून निस्तरायचंय.

रविवारी आवणीला गेलो. आमच्याकडे अजून सावड चालते. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. कोण किती दिवस आलं ते कोणी लिहून ठेवत नाही, पण विसरतही कोणी नाही. सावड फेडावी लागते आणि पैशाने ती फिटत नाही. स्वतः चिखलात उतरावं लागतं. दादाला मी बांधावर सगळं सांगितलं. तो रोपांच्या मुठी टाकत होता. ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मला माहीत होतं." मग म्हणाला, "उतर खाली. पाऊस वाढायच्या आत एवढं उरकू." बास, एवढंच. माफ केलं की नाही ते मला कळलं नाही. संध्याकाळी निघताना त्याने आंबेमोहराची पिशवी गाडीत ठेवली, नेहमी ठेवतो तशी.

सारथी आणि सारथी

शल्याची गोष्ट तिथे संपत नाही. पुढे कर्णपर्वात तो कर्णाचा सारथी होतो. म्हणजे महाभारतात दोन मोठ्या योद्ध्यांच्या रथावर दोन मोठे सारथी आहेत. अर्जुनाच्या रथावर कृष्ण, कर्णाच्या रथावर शल्य. दोघेही शेजारीच बसलेत. ढासळलेल्या अर्जुनाला कृष्ण उभं करतो. उभ्या असलेल्या कर्णाला शल्य टोचून टोचून खाली आणतो. तसं करायचं त्याने युधिष्ठिराला कबूल केलेलं असतं. शरीराने एका बाजूला, मनाने दुसऱ्या. कर्णाच्या मदतीला अख्खं सैन्य होतं, पण हाताच्या अंतरावर बसलेला माणूस त्याचा नव्हता.

मी ओसरीवर दादाच्या हाताच्या अंतरावर बसलो होतो.

म्हणून आजच्या भागातून मी एवढंच घेतलंय. 'माझ्या बाजूला कोण कोण आहे' हा दुर्योधनाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कितीही मोठं आलं तरी पुरत नाही. त्याआधी विचारायचा प्रश्न हा, की मी ज्यांच्या बाजूला आहे असं म्हणतो, त्यांच्यासाठी मी काय खाली ठेवलंय? काहीच ठेवलं नसेल तर मी तिथे फक्त बसलोय.

आणि हे देवाच्या बाबतीतही लागू आहे. आपण देवळात जातो तेव्हा बहुतेक वेळा नारायणी सेना मागायलाच जातो. नोकरी, व्हिसा, स्थळ, फ्लॅट. मी पण मागतो, आणि त्यात पाप नाही. दुर्योधनाने मागितली तर कृष्णाने त्यालाही सेना दिलीच की. नाही म्हणाला नाही. पण अर्जुनाने वेगळं मागितलं : तू शस्त्र उचलू नकोस, लढाई मी लढतो, तू फक्त लगाम धर. म्हणजे रथ कुठे न्यायचा ते तू ठरव. हे मागणं जास्त महाग आहे. लगाम दिला की तो कधी कधी रथ नेमका तिथे नेऊन उभा करतो जिथे आपल्याला बघायचं नसतं. माझा त्याने ओसरीसमोर उभा केला.

आजचा अभ्यास

१. उद्योगपर्वातला द्वारकेचा प्रसंग आज पुन्हा वाचा, पण दुर्योधनाच्या जागेवर बसून. त्याचा हिशोब तुम्हाला कुठे पटतो ते प्रामाणिकपणे वहीत लिहा.

२. तुम्ही आजवर कोणाला तरी 'मी तुझ्याबरोबर आहे' म्हणाला असाल. ऑफिसमधली मैत्रीण, भाऊ, रूममेट, आई. एक नाव आठवा. त्या वाक्यासाठी तुमचं आजपर्यंत काय गेलंय? काहीच गेलं नसेल तर काय जायला हवं होतं?

३. सध्या तुमच्यासाठी कोण मंडप घालतंय? कोणाचं जेवण तुम्हाला जरा जास्तच गोड लागतंय? शब्द देण्याआधी एक दिवस थांबा आणि बघा, तुम्ही मुळात कोणाकडे निघाला होता.

४. जप करताना आज काही मागू नका. एवढंच म्हणा : लगाम तुझ्याकडे.

उद्या आपण युयुत्सूवर बोलू. धृतराष्ट्राचा तो मुलगा, जो ऐन रणांगणावर बाजू बदलून पांडवांकडे आला. बाजू बदलणं प्रत्येक वेळी फितुरी असतं का, हा प्रश्न मला आजच्या चिंतनानंतर जास्त छळतोय.

तोवर, ज्याला फोन करायचा राहिलाय त्याला करा.

जय हरी.